कशी बसली?

बाबा,

तुम्हाला जाऊन यंदा सोळा वर्षं होतील. एवढ्या वर्षांत तुम्हाला कधी लिहावंसं वाटलं नाही, कारण तुमच्याशी बोलायला मला कागद लागलाच नाही. हँगरचा सरकता दरवाजा अडला, हातातून पाना निसटला, की "बघा ना बाबा" असं आपोआप तोंडात यायचं. गेले चार महिने ते येत नाही. मी सुट्टीवर आहे. म्हणजे मला सुट्टीवर पाठवलंय. भर दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेय. आपली वाकोल्याची चाळ पाडून तिथे जी बिल्डिंग उभी राहिली, तिच्या सातव्या मजल्यावर. मोठी विमानं उतरायला खाली आली की मांडणीवरच्या ताटल्या अजून खुळखुळतात. आई जेवायला बोलावून थकली की ताट झाकून ठेवते आणि आतल्या खोलीत जाऊन पडते.

तुमचं हँगर आहे तिथेच आहे. लहान विमानं कमी झाली, हेलिकॉप्टरं वाढली, मालक बदलला. तुम्ही झाडू मारायला लागलात तिथे आणि मेकॅनिक होऊन निवृत्त झालात, आणि मी तिथेच इंजिनिअर म्हणून सही करते, म्हणजे करत होते. विमान उडायला ठीक आहे असं लिहून खाली माझं नाव. त्या सहीचा तुम्हाला केवढा अभिमान! गिरणीत जन्म घालवलेल्या तुमच्या वडिलांना गावी जाऊन सांगून आलात, "माझ्या चेडवाच्या सहीबिगर इमान उडणा नाय." ते म्हणाले, मग तिका सही नीट करूक शिकव. तुम्ही हसत हसत परत आलात.

शिकवलंत तसं. माझा पहिला महिना होता. एक विमान उतरलं, वैमानिक जरा वयस्क, वहीत लँडिंग नॉर्मल लिहून मोकळा झाला. मी वही घेतली, पेन काढलं, तर तुम्ही सगळ्यांसमोर माझ्या हातातून पेन काढून घेतलंत. "इचारलंस त्याका?" मी म्हटलं, "अहो, लिहिलंय ना त्यांनी." "लिवलानी ता वाचलंय मी. इचारलंस?" माझे कान तापले. अख्खं हँगर बघत होतं. तुम्ही गेटाबाहेरच्या टपरीवरून दोन कटिंग आणलीत, एक त्यांना दिलंत, एक स्वतः घेतलंत, पंखाखाली उभे राहिलात आणि रोजच्यासारखं विचारलंत, "काय साहेब, कशी बसली?" ते आधी पावसापाण्याचं बोलले. मग मुलीच्या लग्नाचं. अर्धा ग्लास संपल्यावर म्हणाले, "जरा जोरातच बसली रे." तुम्ही हूं केलंत, एवढंच. चहा संपला, तुम्ही पुढचं झाकण उघडायला लावलंत, आणि इंजिन आणि पुढचं चाक जिथे बांधलेलं असतं तिथल्या पत्र्यावर सुरकुती पडलेली होती. बोटभर. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. त्यांना तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, पत्रा बदललात.

घरी येताना बसमध्ये मी फुगून बसले होते. तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "इमान खोटा बोलणा नाय. पण इचारल्याशिवाय बोलणा पण नाय. माणूस पण तसोच." माझी लायसन्सची परीक्षा झाली त्या दिवशीच तुम्ही तुमचा आरसा मला दिला होतात. दांडीवरचा, रुपयाएवढा, दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा, मुठीला काळी पट्टी गुंडाळलेला. वाकून जिथे डोकं जात नाही तिथली भेग बघायला. पेपरात गुंडाळून आणलात आणि आईला म्हणालात, सोन्याचं काही घेऊ शकलो नाही. आई म्हणाली, तेल पुसून तरी द्यायचात.

आता मावशीचं सांगते. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. मोठ्या विमानांत अपघात झाला की जी पेटी शोधतात, तिची ही धाकटी बहीण म्हणा. जेवणाच्या डब्याएवढी, केशरी रंगाची, आमच्या चार सीटांच्या विमानात मागच्या सीटच्या पाठीमागे बसवलेली. वेग, उंची, इंजिनाचे फेरे, आणि चाकं जमिनीला टेकताना बसणारा दणका, सगळं एका नखाएवढ्या कार्डावर उतरवून ठेवते. एवढ्या लहान विमानाला ती लागतच नाही, कायद्यानेही नाही. ती मी आणली, बाबा. मालकाच्या मागे लागून लागून मी आणली. कारण दोन वर्षांपूर्वी एका वैमानिकाने माझ्या तोंडावर खोटं सांगितलं होतं, मी तुमच्यासारखं चहा पाजून विचारलं तरी. लोण्यासारखी बसली म्हणाला आणि टायरची वाट लावून ठेवली होती. मला इतका राग आला! म्हटलं, माणसाच्या तोंडाकडे बघत बसायचं कशाला, यंत्र लावू ना.

पहिल्याच महिन्यात हँगरमधल्या मुलांनी तिचं नाव मावशी ठेवलं, वाडीतली सगळी खबर तिला असते म्हणून. दर शनिवारी मी कार्ड काढायचे, कॉम्प्युटरला लावायचे, आठवड्याचं प्रत्येक लँडिंग रेषेवर दिसायचं. कुणाचं हळू, कुणाचं धप्प. लाल पट्टीच्या वर रेषा गेली की मी विमान उघडायचे. भांडण नाही, वाद नाही, झकास. आणि मग मी एक कागद टाईप करून फळ्यावर लावला. लँडिंगची माहिती यापुढे रेकॉर्डरवरून घेतली जाईल. खाली माझी सही. चहाचे ग्लास, पंखाखाली उभं राहणं, हे सगळं मला म्हातारपणाचं वाटायला लागलं होतं. तुमचं वाटायला लागलं होतं, असंच लिहिते आता, लपवून काय करू.

आमच्याकडे एक वैमानिक होता. मुलुंडचा, तिशीतला, आईला एकटाच. वरून जमिनीचे फोटो काढायची कामं असायची, तो एकटा कॅमेरा घेऊन जायचा नि यायचा. मला ताई म्हणायचा. येताना आईने केलेली थालीपिठं फडक्यात बांधून आणायचा आणि माझ्या टेबलावर ठेवून म्हणायचा, "खा गं, तू स्पॅनरच खातेस की काय?" कागद लावला त्या दिवशी तो वाचत उभा राहिला आणि म्हणाला, "म्हणजे आता तू आमच्याशी बोलणार नाहीस का ताई?" मी म्हटलं, "मावशी आहे ना. तिला सांग." तो हसला. सगळेच हसले.

तो मंगळवारी दुपारी उतरला. बुधवारी विमान उभं होतं. गुरुवारी सकाळी मी रोजची तपासणी केली, बाहेरून, कागदावर जेवढी लिहिली आहे तेवढी, आणि सही केली. आरसा ड्रॉवरमध्ये होता. त्या सहीवर तो विमान घेऊन घाटावरच्या एका छोट्या धावपट्टीवर उतरायला गेला आणि पुढचं चाक टेकताच मोडलं. विमान नाकावर गेलं आणि उलटलं. मला फोन आला तेव्हा मी दुसऱ्या विमानाचं तेल बदलत होते. फोनवरचा माणूस म्हणाला, मान मोडली. मला वाटलं विमानाच्या चाकाबद्दल बोलतोय. मी विचारलं, "चाकाची?" त्याने वैमानिकाचं नाव घेतलं.

चौकशीवाल्यांनी मावशी काढून नेली. तिला काही झालं नव्हतं. तीन आठवड्यांनी मला बोलावलं, एका खोलीत पडद्यावर रेषा दाखवल्या. गुरुवारची बघवत नव्हती, पण साहेबांनी बोट ठेवलं ते मंगळवारवर. रेषा लाल पट्टी ओलांडून सरळ वर गेली होती. म्हणजे गुरुवारी नुसतं मोडलं, तडा मंगळवारीच गेला होता, त्याच जागी, तुमच्या त्या सुरकुतीच्या जागी. दोन दिवस मावशीच्या पोटात ती खबर होती आणि माझा शनिवार यायचा होता. साहेब भले माणूस होते. त्यांनी विचारलं, वैमानिकाने तुम्हाला हार्ड लँडिंग झाल्याचं सांगितलं होतं का? मी म्हटलं, नाही. त्यांनी लिहून घेतलं. कार्ड किती दिवसांनी काढायचं ठरलं होतं? आठवड्याने. मग तुम्ही नियमाप्रमाणेच केलंत, असं म्हणून त्यांनी फाईल मिटली. तुम्ही त्याला विचारलं होतं का, हा प्रश्न त्यांच्या कागदावर नव्हता. आणि मी आपणहून बोलले नाही.

सगळे म्हणतात तुझी चूक नाही. मालक म्हणतो, हँगरमधली मुलं म्हणतात, आई तर दिवसातून दोनदा म्हणते. त्याचीच चूक, त्याने सांगायला नको होतं? खरं आहे. पण त्याला वाटलं असेल, मावशीला कळलंय म्हणजे ताईला कळलंय. मी सही केलेली बघून तो निर्धास्त बसला असेल आत. बाबा, मला झोप लागते, भूक लागते, आणि त्याची मला किळस येते. हात धुताना वाटतं हे हात कापून ठेवावेत. पुन्हा हँगरमध्ये जाईन की नाही माहीत नाही. गेले तरी कुठल्या कागदावर आणि काय म्हणून सही करू? मी पाना धरला की मला तुमचा आवाज यायचा, तो आता येत नाही, आणि तुम्ही मुद्दाम बोलत नाही आहात असं वाटत राहतं.

तेराव्याला मी मुलुंडला गेले होते. दोन खोल्यांचं घर, खुंटीवर त्याचा पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. त्याच्या आईंनी मला आत स्वयंपाकघरात नेऊन बसवलं, बाहेर माणसं फार होती म्हणून. चहा दिला. म्हणाल्या, "तुझं फार नाव काढायचा गं. ताईने बघितलंय म्हटल्यावर मला भीती नाही म्हणायचा." मग म्हणाल्या, "तुझ्याशी काही बोलला होता का, शेवटचं?" मी म्हटलं, "येतो ताई म्हणाला." ते खरंच आहे, गुरुवारी निघताना म्हणाला होता. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि किती तरी वेळ सोडला नाही.

हे पत्र खरं तर त्यांना जायला हवं. परवा पाकिटावर पत्ता घातला होता, मुलुंडचा, पिनकोडसकट. मग ते पाकीट फाडलं आणि वर "बाबा" लिहून बसले, कारण तुम्ही हे वाचणार नाही. तुमच्या आरशाच्या पेपरात गुंडाळून ठेवून देईन. तर जे त्या साहेबांना सांगितलं नाही, त्या माऊलीला सांगितलं नाही, ते इथे लिहिते. मंगळवारी उतरल्यावर तो टपरीवर गेला होता. दोन कटिंग घेऊन आला आणि पंखाखाली उभा राहिला, तुम्ही उभे राहायचात तिथेच. मी समोर टेबलाशी फोनवर होते. त्याने ग्लास जरा वर करून दाखवला. मला दिसला होता तो, बाबा. तो कशासाठी उभा आहे तेही मला कळलं होतं. मी हातानेच ठेव म्हणून खुणावलं आणि मनात म्हटलं, शनिवारी दिसेलच.