कोणालाही ऐकू न गेलेले माझे भाषण

गिरणी वसाहत, तिसरी गल्ली,
कालव्याकडील बाजू.

परम आदरणीय बंधुवर्य उस्ता दिसूकी अब्दुलमुअती यांस,

आपला जुना सोबती बैयूमी शल्कामी याचा अदबीचा सलाम पोचावा. येथे अल्लाच्या कृपेने सर्व मंडळी हयात आहेत. (‘कुशल आहेत’ असे लिहिणार होतो. परंतु मी चौथी इयत्ता रीतसर उत्तीर्ण झालेला मनुष्य असल्यामुळे लेखी खोटे बोलत नाही.) आपला उजवा गुडघा, आपले जावई आणि पोर्ट सईदची दमट हवा ही तिन्ही आपणांस सोसवत असतील अशी आशा करतो. आमच्या हाज्जा नगिय्या आपली चौकशी करतात. त्यांचे शब्द जसेच्या तसे कळवायचे तर, ‘तो लेकीकडं बसून मासे खातोय, आणि इथं आमच्या नवऱ्याला माझ्याशिवाय बोलायला माणूस नाही’ असे आहेत. मला करमत नाही असा याचा अर्थ आपण कृपया घेऊ नये. स्त्रियांना अतिशयोक्तीची सवय असते.

पत्रास कारण की, आपण स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर अंगठ्याऐवजी सही करून (ती सही मीच आपणांस शिकवली होती, हे येथे केवळ नोंदीसाठी) गाव सोडलेत, त्यानंतर वसाहतीवर जे संकट आले त्याची हकिगत आपणांस ठाऊक असणे मला उचित वाटते. गिरणी बंद झाली हे आपण पाहिलेच. आता गिरणीची जमीन कोणा मोठ्या धनिकाला द्यावयाची ठरली असून तेथे कारंजी असलेल्या इमारती उभ्या राहणार आहेत. आपली घरे त्या कारंज्यांच्या वाटेत येतात. आपण राहिलो तर कारंजे नाही, आणि कारंजे झाले तर आपण नाही, असा हा साधा हिशेब आहे. तथापि सरकार हल्ली कोणालाही न विचारता बाहेर काढत नाही. प्रथम विचारते आणि मग बाहेर काढते. त्या विचारण्याला ‘जनसुनावणी’ म्हणतात. ती गिरणीच्या जुन्या करमणूक मंडळाच्या सभागृहात झाली, आणि वसाहतीच्या वतीने घरांची बाजू मांडण्याचा मान सर्वांनी एकमुखाने मला दिला. (एकमुखाने म्हणजे उम्म रिदा बाईंच्या मुखाने. बाकीच्यांनी माना डोलावल्या.)

मी तयारी कशी केली हे सांगितले पाहिजे. लग्नातला कोट काढला. तो पोटावर बसेना, म्हणून हाज्जांनी पाठीमागची शिवण उसवली आणि मला ताकीद दिली, ‘सरकारला पाठ दाखवू नका म्हणजे झालं.’ मी भाषण मनात रचले, खुर्चीत बसून घोकले, आणि समोरच्या घराकडे पाहून म्हणून पाहिले. समोरचे घर आपलेच, म्हणजे दिसूकी उस्तांचे, आहे व आपण गेल्यापासून त्याला कुलूप आहे, हे मला ठाऊक आहे. परंतु माणसाला भाषण करताना समोर काहीतरी लागते.

सभेच्या दिवशी वीज गेली. त्यामुळे खिडकीबाहेर जनरेटर लावण्यात आला. बंधुवर्य, मी शपथेवर सांगतो, त्या जनरेटरचा आवाज हुबेहूब आपल्या साचाखात्यातल्या मागांचा होता. तीच धडधड, तीच पायांखालून पोटापर्यंत चढणारी थरथर. सुनावणी घ्यायला आलेल्या उपसचिव साहेबांनी माझे नाव पुकारले, मी उठलो, ध्वनिक्षेपकासमोर उभा राहिलो आणि माझ्या आयुष्यातले सर्वोत्तम भाषण केले. त्यात अडखळणे नव्हते, खाकरणे नव्हते. फक्त, जे मला फार उशिरा कळले, त्यात आवाज नव्हता.

आपण हसत असाल. हसावे, या पृथ्वीच्या पाठीवर हे कसे घडले ते ज्यांना समजावून सांगावे लागत नाही, अशा मोजक्या माणसांपैकी आपण आहात. जन्मभर आपण दोघे समोरासमोरच्या मागांवर उभे राहिलो आणि त्या गोंगाटात केवळ ओठांनी बोललो. आपल्या लेकीचे लग्न तेथेच ठरले. मुकादमाच्या टोपीखाली केस नाहीत ही बातमी तेथूनच गिरणीभर झाली. मोठा संप आखला तोही तसाच, व्यवस्थापनाने पेरलेले दोन खबरे आपल्यामध्ये उभे असताना! बिचारे कान टवकारून थकले आणि अहवालात ‘कामगार शांत आहेत’ असे कळवते झाले. मागाची धडधड सुरू झाली की गळा आपोआप बंद व्हायचा आणि ओठ उघडायचे. ते शरीर आता म्हातारे झाले आहे, पण त्याला मागाची धडधड आणि जनरेटरची धडधड यांतला फरक कोणी शिकवला होता?

मी काय बोललो ते सभागृहात कोणालाच ठाऊक नसल्यामुळे सारांश आपणांस कळवतो; कोठेतरी तो पोचला पाहिजे. मी म्हणालो, साहेब, आपण आताच म्हणालात की सरकार आम्हांला किती काळ अंगावर वागवणार. या देशाच्या शिपायाची विजार, इस्पितळातली चादर, नवरीच्या गादीची खोळ आणि मयताचे कफन आमच्या मागांवरून उतरले आहे. अंगावर कोणी कोणाला वागवले? घराचे भाडे दरमहा पगारातून कापले जात होते, तेव्हा घर हा आमच्या मजुरीचा भाग आहे, खैरात नव्हे. जमीन घेणाऱ्या धनिकाला कर माफ होतो त्याला आपण ‘उत्तेजन’ म्हणता, आणि विणकराच्या डोक्यावर छप्पर राहते त्याला ‘बोजा’ म्हणता. दोघांनाही एकच शब्द लावा, कोणता ते आपण ठरवा. ‘खऱ्या गरजूंना मदत मिळेल’ असे आपण म्हणता. आधी धडधाकट कामगाराचे काम काढून त्याला गरजू करायचे, आणि मग तो खराच गरजू आहे का हे तपासायला त्याला उन्हात रांगेत उभे करायचे, ही कोणती रीत? आम्ही दया मागत नाही. (या वाक्यावर मी मूठ आपटली. ती मात्र ऐकू गेली.)

इतक्यात मागच्या रांगेतून उम्म रिदा उठल्या. आपणांस स्मरत असेल, त्या साचाखात्यात सुताच्या कांड्या पोचवायच्या आणि प्रत्येकाचे बोलणे वाटेत वाचून पुढच्या मागावर नेऊन टाकायच्या. त्या ओठांनीच मला म्हणाल्या, ‘म्हाताऱ्या, आवाज काढ की! मुक्यासारखा काय उभायस?’ मला त्यांचा शब्दन् शब्द स्वच्छ कळला, म्हणून मी समजलो की सर्व काही यथास्थित चालले आहे. मीही ओठांनीच उत्तर दिले, ‘बाई, सभेत मध्ये बोलू नये.’ त्या म्हणाल्या, ‘मेल्या, तुझं एक अक्षर कुणाला कळत नाहीये!’ मी म्हणालो, ‘कळत नसेल तर तो त्यांच्या शिक्षणाचा दोष आहे.’ मग त्यांनी दोन्ही हात वर करून आपला गळा दाखवला, मी त्याचा अर्थ ‘घसा कोरडा पडला असेल’ असा घेतला, आणि थांबून पाणी प्यायलो.

सभागृहाला काय दिसले ते हाज्जांनी नंतर सांगितले. प्रथम लोकांना ध्वनिक्षेपक बिघडला असे वाटले. कारागीर येऊन माझ्या तोंडासमोरचा दांडा बदलून गेला. (मी त्याला मान लववून धन्यवाद दिले.) मग आमची आणि उम्म रिदांची हातवाऱ्यांसह चाललेली चर्चा पाहून उपसचिव साहेबांचे डोळे भरून आले. ते शेजारच्या अधिकाऱ्याला म्हणाले, ‘अरे, मुकीबहिरी माणसं आहेत ही! कुणी आधी सांगितलं का नाही?’ आणि नेमके मी शेवटाला आलो तेव्हा वीज आली, जनरेटर बंद पडला, आणि त्या शांततेत माझा समारोपाचा ‘अस्सलामु अलैकुम’ तोफेसारखा सुटला.

 मग मागून कोणीतरी ओरडले, ‘बोलला! मुका बोलला!’ बायकांनी लग्नात घालतात तशी जिभेची किलकारी घातली. उपसचिव साहेब व्यासपीठावरून धावत आले, त्यांनी मला मिठी मारली आणि छायाचित्रकाराकडे तोंड वळवले. (उसवलेली पाठ सर्व सभेने पाहिली.) मी त्यांना स्पष्ट आणि मोठ्या आवाजात सांगितले, ‘साहेब, मी मुका नाही, मी विणकर आहे.’ ते म्हणाले, ‘शाब्बास आजोबा! असाच आत्मविश्वास ठेवा!’ आणि त्यांनी तेथल्या तेथे दिव्यांग कल्याण निधीतून मला कानाचे यंत्र मंजूर केले. मी घर मागायला गेलो होतो, बंधुवर्य. कानाचे यंत्र घेऊन परत आलो. आपले सरकार कठोर आहे असे जे म्हणतात त्यांना मी आता सांगतो की ते कठोर नाही. ते फार प्रेमळ आहे, फक्त मागितलेली वस्तू सोडून दुसरे सर्व काही देते.

वाटेत हाज्जा एवढेच म्हणाल्या, ‘जन्मभर माझ्यावर ओरडलात, आणि सरकारपुढं तेवढा आवाज गेला?’ मी उत्तर दिले. त्या म्हणाल्या, ‘परत तेच! नुसते ओठ हलतायत!’ हल्ली घरी हे वारंवार होते, विशेषतः मुलूखियाच्या पालेभाजीचे भांडे चुलीवर खदखदत असेल तेव्हा. मी काहीतरी बोलतो, त्या विचारतात, ‘घास अडकलाय का?’ जगात इतकी माणसे आहेत, इतकी भाषणे चालू आहेत, आणि मी कसलाही आवाज न करता जे बोलतो ते वाचणारे डोळे या गल्लीत उरलेले नाहीत. उम्म रिदा आहेत, हे खरे. परंतु त्या केवळ उत्तर द्यायला वाचतात.

यापेक्षा अधिक लिहिणे शिष्टाचारास धरून होणार नाही. आपल्या लेकीला आशीर्वाद. जावयांना, ते मासळीच्या व्यापारात असले तरी, सलाम. आपला गुडघा सकाळी उन्हात ठेवावा.

आपला आदरपूर्वक,
बैयूमी शल्कामी
निवृत्त विणकर, इयत्ता चौथी उत्तीर्ण

ता. क. – यंत्र लावल्यापासून मला हाज्जांचे दुसऱ्या खोलीतले स्वगतही ऐकू येते. आपल्या गुडघ्याच्या बदल्यात ते हवे असल्यास कळवावे.

ता. क. दुसरा – वसंताच्या सणानंतर दुसरी सुनावणी आहे. जनरेटर पुन्हा लागणारच. आपण येऊन पहिल्या रांगेत बसलात आणि माझा आवाज गेल्याबरोबर नुसती भुवई उंचावलीत, तर मला तत्काळ कळेल. हे कोणा दुसऱ्याला सांगून होण्यासारखे काम नाही. सर्व वसाहतीच्या छपरांचा प्रश्न आहे. केवळ म्हणूनच आपणांस तसदी देतो, अन्यथा दिली नसती.

ता. क. तिसरा – वरील मजकूर खोडावयास हवा, पण खाडाखोड मला आवडत नाही. दुसऱ्या सुनावणीत कोणालाही बोलू देणार नाहीत. निवेदन लेखी द्यायचे आहे, आणि ते मी देईन; अक्षर माझे चांगले आहे. हे मला गुरुवारीच कळले होते. पत्र मी शनिवारी लिहायला घेतले. दिसूकी, घरे राहतील की जातील हे सरकारलाही अजून ठरवता आलेले नाही. राहिली, आणि तुझ्या दाराचे कुलूप तसेच राहिले, तर ‘ही घरे तू कशासाठी मागितलीस, बैयूमी?’ असे मला कोणीतरी विचारील, आणि मला काही सुचणार नाही. सण होईपर्यंत थांबू नकोस, ये. तुला बोलावल्याचे हाज्जाला सांगितलेले नाही. ती उगीच पाहुणचाराचे बदक आणायला धावेल.