दारासमोरचं जंगल

प्रिय भाऊ,

उद्या आखाजी, अक्षय्य तृतीया. तुझ्या नावाची पहिली घागर भरायची म्हणून मी मळ्यात आलोय, आणि ती भरायच्या आधी तुझ्याशी भांडून घ्यावं म्हणून लिहितोय. उद्या एकदा तू पितरांत जाऊन बसलास की तुझ्यावर आवाज चढवणं म्हणजे पाप! आज अजून चालतं.

पहिली बातमी ही, की तुझ्या पोरांनी मला तुरुंगाधिकारी नेमलंय. बिनपगारी. तू गेल्यावर महिन्याभरात मळ्यातल्या घराच्या ओट्याला लोखंडी जाळी बसली, जाळीला दार आणि दाराला कुलूप. एक चावी कामाला येणाऱ्या बाईकडे, दुसरी चोपड्याला माझ्याकडे. वहिनींकडे एकही नाही. का? तर केळीत बिबट्या दिसला. बांधावर त्याच्यासाठी पिंजरा लागला, आणि वहिनी संध्याकाळी केळीतून पार नाल्यापर्यंत चालत जातात, असं कुणीतरी पुण्याला पोरांना फोन करून सांगितलं.

पोरं वाईट असती तर किती सोपं झालं असतं रे! मी आयुष्यभर पेपरात लिहून पुढाऱ्यांची सालं काढली. काळजीनं कुलूप लावणाऱ्या पुतण्यांचं काय काढणार? दोघांना आखाजीची सुट्टी मिळाली नाही, म्हणून उद्या ते तुला व्हिडिओ कॉलवर नमस्कार करतील. आणि रविवारी तुझा राहुल गाडी घेऊन येईल, वहिनींना पुण्याला न्यायला. फ्लॅट अकराव्या मजल्यावर. तिथं बिबट्या येत नाही. तिथं कुणीच येत नाही.

आज सकाळी मी कुलूप काढलं आणि भिंत बोलली. "काका, नमस्कार! आत आलात की कडी लावून घ्या हं." मी असा दचकलो की चावी हातातून पडली. दारावर कॅमेरा आहे, भाऊ. तो बघतो, ऐकतो आणि वर राहुलच्या आवाजात बोलतो.

वहिनी आतून ओला पंचा घेऊन आल्या, स्टुलावर चढल्या आणि त्यांनी तो कॅमेऱ्यावर टाकला. "ऊन लागस बिचाराले," म्हणाल्या. खाली उतरून हळू आवाजात, "भाऊजी, माले जंगलमा ली चला."

"आत्ता? या वैशाखात? तिथं आहे काय?"

"तेच देखनं शे."

"अहो, पण राहुल..."

"बिबट्याना पिंजरा उघडा शे, नि मना दारले कुलूप. राहुलले इचारा, जनावर कोन शे?"

त्यांनी सवयीनं ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून घेतला, माझ्या मोटारसायकलवर मागं बसल्या आणि आम्ही निघालो. तुझ्या मळ्यापासून ते जंगल आहे किती लांब? ओट्यावरून हाक मारली तर त्यानं ओ द्यावी, इतकंच.

तू थंडीतच जायचास, भरिताच्या पार्टीला. वैशाखात तुझं लाडकं जंगल कसं दिसतं, तुला माहीतच नाही. साग पार उघडे, विजेच्या खांबांसारखे उभे. पायाखाली पानं अशी वाजतात की जणू कुणी पापडांच्या ढिगावर बसलंय. सावली म्हणून काठीएवढी एक रेघ. तिच्यात मी आडवा मावेना आणि उभाही मावेना. माझा हात सारखा फोनवर जात होता. रेंज नव्हती.

वहिनी मात्र एकेका झाडाच्या बुंध्याला हात लावत पुढं चालल्या होत्या. मला वाटलं, तुझी आठवण दाटून आली असेल. मी आवाज जरा जड करून म्हटलं, "वहिनी, इथंच बसायचा ना तुम्ही दोघं?"

त्या थांबल्या. चहात मीठ मागणाऱ्या पाहुण्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. "कोन दोघं? मनी आज पहिली येळ शे."

भाऊ, पहिली वेळ! लग्न होऊन आल्यापासून ही बाई ओट्यावर बसून समोरचं जंगल बघतेय. दर हिवाळ्यात तू आणि तुझे दोस्त वांगी घेऊन निघायचा, कपाशीच्या काड्या पेटवायचा, आणि गरम भाकऱ्यांचा गठ्ठा वहिनींनी पहाटेच बांधून दिलेला असायचा. डबा गेला, बाई कधी गेली नाही. एकदा त्यांनी विचारलं होतं, मला आठवतंय. "मीबी येऊ का?" तू म्हणालास, "तिथं बायांचं काय काम? जनावरं असतात." सगळे हसले. मीही तिथंच होतो.

म्हणजे कुलूप पोरांनी विकत आणलं, पण जनावरांची भीती तुझीच. ती मात्र वारसांच्या नावावर किती झटकन चढली! सातबाऱ्यावर नाव चढायला किती हेलपाटे पडले होते, आठवतं ना?

वरून एक पावरा आदिवासी बाई उतरत होती, डोक्यावर तेंदूपानांचा गठ्ठा. वयानं वहिनींएवढीच असेल. वहिनींनी तिला अडवलं. "एकली फिरस, बिबट्याना भेव नही वाटस?"

ती म्हणाली, "बिबट्या इथं कशाला राहील, बाई? तो तुमच्या केळीत राहतो. गारवा आहे, पाणी आहे, कुत्री आहेत. त्याची मजा आहे तिथं."

वहिनी इतक्या हसल्या की दगडावर बसल्या. मग त्या दोघींनी भाकरी खाल्ली. त्या बाईनं ओच्यातून पिवळी टेंभरं, तेंदूची फळं, काढून दिली. मला एकच मिळालं, तेही अर्धं किडकं.

परत आलो तर पंचा वाळून खाली पडलेला, आणि कॅमेरा बघत होता. "आई! कुठं होतीस तू? किती फोन केले! काका, तुम्ही तरी..."

"जंगलमा," वहिनी चपला काढत म्हणाल्या.

"कशाला?"

"देखाले."

"अगं, काही झालं असतं म्हणजे?" त्याचा आवाज फुटला. त्यात काही खोटं नव्हतं, भाऊ. बाप गेलेला पोरगा तो.

वहिनी कॅमेऱ्याखाली जाऊन उभ्या राहिल्या. "बेटा, जेवना का तू?"

"नाही अजून."

"जेवी ले. नि रविवारले गाडी आनू नको."

भिंतीनं मोर्चा माझ्याकडे वळवला. मग, "काका, चावी तुमच्याकडंच आहे ना?"

मी म्हणालो, "नाही."

साफ खोटं! ती खिशात मांडीला टोचत होती. पण बोलून बसलो, आता ते खरं करणं भाग होतं. मी चावी काढून वहिनींच्या हातात दिली. त्यांनी ती पदराच्या टोकाला बांधली आणि विचारलं, "च्या लेतस का?"

आता वचन. रविवारी राहुल गाडी आणेलच, नको म्हटलं तरी. तुझा मुलगा आहे. मी सकाळपासून ओट्यावर बसलेला असेन. वहिनींना पुण्याला जावंसं वाटलं तर पिशवी मीच उचलेन. नाही वाटलं, तर गाडी रिकामी जाईल आणि शिव्या मी खाईन. बिबट्या खरा आहे, हेही विसरत नाही. नाल्यापर्यंत दिवा लावून घेईन, संध्याकाळी सोबतीला माणूस बघेन. सोबतीला, पहाऱ्याला नाही. भरिताच्या दिवसांत त्यांना जंगलात नेईन आणि भाकऱ्या मी थापेन. कशा होतील ते विचारू नकोस.

उद्याची घागर मात्र माझ्या हातून नाही. वहिनी म्हणाल्या, "मी भरसू." बाईमाणसानं भरलेली चालते का, असं विचारायला मी तोंड उघडलं होतं, मिटलं. तूही मिट. पाणी आपल्याच विहिरीचं असेल, वर खरबूज, शेजारी सांजोऱ्या. गोड लागलं तर पी, नाही लागलं तरी पी. दुसरं आणून द्यायला त्या घरात असतीलच असं नाही.

तुझा धाकटा,
दिनू