दडपणाखाली शांत

सातारा, ८ ऑक्टोबर २००७

चि. स्वरूपास अनेक आशीर्वाद.

मेडिकल मशीनच्या कंपनीनं तुला मुलाखतीला बोलावल्याचं वाचून बरं वाटलं. तुझा जर्मनीत राहण्याचा परवाना फेब्रुवारीत संपतो आणि नोकरी असली तरच वाढतो, तेव्हा तयारीनं जा. तुला सून म्हणून नाही, इंजिनिअर म्हणून सांगतो. कारखान्यात वीस वर्षं मी माणसं निवडली. मेहनती आहे, असं प्रत्येकजण म्हणतो. तू काय केलंस ते सांग. पुण्यात बंद पडलेलं ईसीजी मशीन तू चालू केलंस, ते सांग. आमच्याशी बोलताना पुटपुटतेस तशी तिथं पुटपुटू नकोस.

सुधीर गेल्याचं मात्र काढू नकोस. लोकांना दया येते, आणि दया आली की ते काम देत नाहीत.

तू अन्वीला घेऊन परत यावंस असं हिला वाटतं. मी तिला गप्प केलंय.

तुझे बाबा

एर्लांगेन, २ नोव्हेंबर २००७

ती. बाबांना शि. सा. न.

मुलाखत झाली. समोर एक बाई आणि एक साहेब होते. तुमची बलस्थानं सांगा, असं बाईंनी विचारलं. ईसीजी मशीनचं जर्मनमध्ये पाठ केलं होतं, ते न पुटपुटता सांगितलं. साहेब गेनाऊ, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, करत होते. मग म्हणाले, हे सहा वर्षांपूर्वीचं झालं, अलीकडचं काही सांगा.

बाबा, तुम्ही नको म्हणाला होतात. पण अलीकडचं माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. सांगितलं की फेब्रुवारीत नवरा वारला. त्यानंतर एकोणीस कचेऱ्यांना पत्रं लिहिली. घरमालक, विमा, टेलिफोन, अन्वीची शाळा. प्रत्येकाचं उत्तर तारखेनं फायलीत लावलं. एकही अर्ज चुकला म्हणून परत आला नाही. बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगत होते. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. तहान नव्हती, तरी प्याले. साहेबांनी काय लिहिलं ते मला उलटं दिसत होतं. व्यवस्थित, दडपणाखाली शांत.

परवा पत्र आलं. एक डिसेंबरपासून नोकरी. मग आपण इथेच राहणार का, असं अन्वीनं जर्मनमध्ये विचारलं. हो, म्हटलं. आनंद होईल म्हणून थोडा वेळ वाट पाहिली, मग भांडी घासली. हल्ली वाईटही वाटत नाही. हे आईंना वाचून दाखवू नका.

लोभ असू द्यावा.

आपली,
स्वरूपा

सातारा, १९ नोव्हेंबर २००७

चि. स्वरूपास अनेक आशीर्वाद.

हिला नोकरीचं सांगितलं. मग म्हणाली, नातीला निदान उन्हाळ्यात पाठव म्हणावं. तू सांगितलंस तेवढं वाचायचं गाळलं.

मी चुकीचा सल्ला दिला होता. बरं झालं ऐकला नाहीस.

तुला एक लिहायचं राहिलं होतं. मागच्या महिन्यात रेशनकार्डावरून सुधीरचं नाव कमी करायला गेलो होतो. तिथंच बाकावर बसून अर्ज लिहिला. कारकुनानं तो शेजारच्याला दाखवला आणि म्हणाला, आजोबा, या वयात काय वळणदार अक्षर आहे तुमचं! मी थँक्यू म्हणालो.

आमची माया आहेच. पत्र लिहीत जा.

तुझे बाबा