टाकीतले चार फूट

बेल पॉइंट, कारियाकू बेट
गुरुवार, १८ एप्रिल २०१९

आदरणीय लिओपोल्डदादा यांस,

धाकट्या चुलतभावाचा, म्हणजे कॉनराडचा, मनापासून नमस्कार.

तुमचं पत्र येऊन नऊ आठवडे झाले आणि उत्तर आज लिहितो आहे, याची आधी माफी मागतो. आळस केला असं समजू नका. तीनदा लिहायला बसलो होतो. पहिल्या वेळी यंत्राबद्दल लिहावं तर ते मला नीट कळलं नव्हतं. दुसऱ्या वेळी कळलं होतं, पण लिहायची लाज वाटली. तिसऱ्या वेळी निम्मं पत्र झालं होतं, तर सौ. मर्टलने त्याच कागदावर मासे साफ केले. तुमची तब्येत कशी आहे? वहिनींचा खोकला गेला का? ब्रुकलिनमधला बर्फ आता वितळला असेल. एवढं पाणी रस्त्यावरून फुकट वाहून जातं हे मला वाचवतसुद्धा नाही. माझं इकडे ठीक आहे. डाव्या कानात घूं घूं होतं, जेवण अंगी लागत नाही आणि छातीत मधूनच कबुतर फडफडल्यासारखं होतं. पण मर्टल म्हणते की हे सगळं काळजीने होतं आणि काळजी हा तुझा धंदाच आहे. तेव्हा तब्येत उत्तम समजावी.

तुम्ही आणि ब्रुकलिनच्या मंडळाने गावच्या टाकीसाठी जे यंत्र पाठवलंत, ते कसं चाललं आहे असं विचारलं होतंत. अगदी झकास चाललं आहे. त्यात काही दोष नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला धसका बसणार नाही. मोठ्या बेटावरून इंजिनियर लेंडोरसाहेब आले, टाकीचं झाकण उघडून त्यांनी एक काळी वायर आत सोडली. वायरीच्या टोकाला अंगठ्याएवढा ठोकळा आहे. तो तळाशी बसतो आणि डोक्यावर किती पाणी आहे हे ओझ्यावरून ओळखतो. (माझंही तसंच आहे, पण मला कोणी मंडळातर्फे पाठवलेलं नाही.) मग तो आकडा हवेतून गावातल्या प्रत्येक फोनवर जातो, आणि तिकडे तुमच्याही. लोक सकाळी उठून आधी टाकी बघतात, मग देवाचं नाव घेतात. मिस व्हर्लिनची मुलगी टोरांटोहून आईला विचारते, "कालपासून दोन बोटं पाणी उतरलं, तू काय धुतलंस?" माझ्याकडे फोन नाही. होता तो समुद्रात पडला, आणि तेव्हापासून मी सुखी होतो.

आता पहिल्या दिवसाचं सांगतो. तुम्हाला गावची रीत ठाऊकच आहे. फेब्रुवारीत घरोघरच्या टाक्या आटल्या की जूनअखेर पाऊस येईतो सगळी भिस्त टेकडीवरच्या या एका टाकीवर. मी दर सोमवारी काठी बुडवून पाणी मोजतो आणि अल्थियाच्या दुकानाबाहेरच्या फळ्यावर खडूने आकडा लिहितो. आकडा तीन फुटांखाली आला की नळ फक्त बुधवारी आणि शनिवारी उघडायचा आणि घरटी चार बादल्या द्यायच्या. त्या सोमवारी मी लिहिलं, पाच फूट. दुपारी यंत्र सुरू झालं आणि ते म्हणालं, नऊ.

दादा, दुकानासमोर जी गर्दी जमली तेवढी मी इस्टरलाही पाहिलेली नाही. एक म्हणाला, "कॉनराड, चार फूट पाणी काय पँटच्या खिशात घालून हिंडत होतास?" दुसरा म्हणाला, "यॉटवाल्या गोऱ्यांना विकलं असणार!" तेव्हा मर्टल पुढे झाली आणि म्हणाली, "अरे शहाण्या, विकलं असतं तर ते टाकीत कसं दिसलं असतं?" बाई बरोबर बोलत होती. पण ती घरी येऊन मला म्हणाली, "आता मला सांग, ते टाकीत कसं दिसलं?"

तिला सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. गेली एकतीस वर्षं मी फळ्यावर दोन फूट कमी लिहीत आलो आहे. आपली माणसं चांगली आहेत, पण माणसंच आहेत. नऊ फूट म्हटलं की गाढवालाही साबण लावतील. मी दोन फूट कमी लिहायचो, म्हणजे नळाला लवकर कुलूप लागायचं आणि मे महिन्यात टाकीत काहीतरी उरायचं. एकतीस वर्षांत पावसाआधी टाकी एकदाही कोरडी पडली नाही. गावाला वाटतं, आपण फार काटकसरी आहोत. वाटू दे.

पण हे झाले दोनच फूट. उरलेल्या दोन फुटांचा हिशेब मलाही लागेना. म्हणून लेंडोरसाहेबांनी माझ्या काठीशेजारी आपली फीत धरली. ही काठी मला तुमच्या वडिलांनी किल्लीबरोबर दिली होती. तिचा खालचा दोन फुटांचा भाग कोरा आहे, आणि एक नंबरची खूण त्याच्या वर एक फुटाने सुरू होते. मी तेव्हाच विचारलं होतं, "काका, हा तुकडा कोरा का?" ते म्हणाले होते, "तो गाळासाठी." मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, काकांनी गाळ म्हटलं की माझ्यासाठी गाळ. लेंडोरसाहेबांनी गाळ मोजला. एक बोट. दादा, तुम्ही रागावू नका, पण काका त्यांच्या काळापासून दोन फूट खोटं बोलत होते, आणि त्यांच्यावर विश्वास ठेवून मी त्याच्यावर आणखी दोन फूट खोटं बोललो. मी मनातल्या मनात त्यांना टोपी काढून सलाम केला. थोडा रागही आला. मरताना त्यांनी मला त्यांचे माशांचे पिंजरे कुठे बुडवलेत ते सांगितलं, कोणाच्या होडीत बसू नये ते सांगितलं, आणि हे तेवढं सांगितलं नाही.

असो. नऊ फूट पाणी आहे म्हटल्यावर गावाने काय केलं ते ऐका. नळ दिवसभर उघडा. होड्या गोड्या पाण्याने धुतल्या गेल्या. ज्या घराची भिंत दहा वर्षं अर्धी होती तिचं सिमेंट कालवायला घेतलं. आणि मिस व्हर्लिनने समाधीच्या जेवणाचा दिवस ठरवला! तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे कॅप्टनच्या, समाधीचा दगड सहा वर्षं तिच्या अंगणात आडवा पडून आहे, कारण गावजेवण घातल्याशिवाय तो उभा करता येत नाही; कोंबड्या त्याच्यावर बसतात. दरवर्षी ती विचारायची आणि दरवर्षी मी फळ्याकडे बोट दाखवायचो. या वर्षी तिने फोन दाखवला. २७ एप्रिल, शनिवार. तीनशे माणसं, टोरांटोहून आणि लंडनहून मुलंबाळं, मोठे ढोल, मक्याच्या पिठाचं घोटलेलं कुकू, वाटाणा, बकऱ्यांचं मटण. पितरांसाठी जमिनीवर शिंपडायचं पाणी मी मोजत नाही, त्यांना किती लागणार? पण तीनशे जणांची भांडी, दादा! तीन दिवस भांडी! मार्च लागला तेव्हा नवाचे साडेसात झाले होते, आणि भोजन व्हायचंच होतं.

मी पंचांकडे गेलो. म्हटलं, बाबांनो, जूनअखेरपर्यंत पुरवायचं आहे. ते म्हणाले, "फोनमध्ये कमी दिसेल तेव्हा बघू, कॉनराड. तू आता आराम कर." आराम! मी घरी आलो, दोन दिवस विचार केला, आणि मला स्वच्छ दिसलं. गाव माझं ऐकत नाही, फोनचं ऐकतं. फोन वायरीचं ऐकतो. आणि वायर ज्या झाकणाखाली आहे त्याची किल्ली माझ्या गळ्यात आहे.

ठोकळा तळापासून एक फूट वर उचलला तर तो एक फूट कमी सांगतो. याला शाळा लागत नाही. लेंटच्या, म्हणजे इस्टरआधीच्या उपवासाच्या, पहिल्या रविवारी सगळं गाव प्रार्थनेला गेलं आणि मी पोट दुखतं म्हणून मागे राहिलो. टेकडी चढलो, झाकण सरकवलं, वायर अर्धा फूट ओढली आणि गाठ मारली. गाठ तीनदा सुटली. पुढच्या रविवारी भीड चेपली. एकूण सहा रविवार, एकूण चार फूट. (दोन माझे, दोन काकांचे. त्यांचा वाटा कमी करणं मला बरं दिसेना.) उपवासाच्या दिवसांत हे पाप केलं खरं, पण मी त्याची शिक्षाही भोगली आहे. दर रविवारी प्रार्थना सुटली की तीन बायका माझ्या पोटासाठी तीन प्रकारच्या पाल्याचे कडू काढे घेऊन येत. तिन्ही पातेली त्याच टाकीच्या पाण्याने भरलेली! मला कडूपेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटायचं. आणि समोर उभं राहून त्या मला शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला लावायच्या.

पण गुण आला, पोटाला नव्हे, गावाला. फोन म्हणाला सहा, होड्या धुणं बंद झालं. फोन म्हणाला चार, भिंत पुन्हा अर्धी राहिली. फोन तिनाच्या खाली आला आणि पंचांनी स्वतः येऊन नळाला कुलूप लावलं. आज फोनमध्ये दोन फूट दिसतात. मिस व्हर्लिन माझ्या दारात आली आणि म्हणाली, "जेवण ऑगस्टवर ढकललं, कॉनराड. माझा कॅप्टन सहा वर्षं थांबला, आणखी चार महिने थांबेल. पाहुण्यांना पाणी मोजून द्यायचं म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं." त्या रात्री मला जेवण गेलं नाही. तिच्या मुलांनी तिकिटं बदलली असतील. पण दादा, हीच बाई जूनमध्ये रिकामी बादली घेऊन उभी राहिलेली मला बघवली नसती.

तेव्हा एकूण सगळं व्यवस्थित आहे. टाकी ठणठणीत, यंत्र ठणठणीत, पाणी जूनपर्यंत पुरतं. मंडळातल्या सगळ्यांना यंत्राबद्दल माझे आभार कळवावेत आणि बाकी काही कळवू नये. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा धाकटा भाऊ,
कॉनराड एनो

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली. सहा आठवड्यांत एवढं पाणी उतरलेलं तुम्ही ब्रुकलिनमध्ये बसून फोनवर पाहिलंत, टाकीला भेग पडली असं ठरवलंत, आणि गेल्या रविवारी पंचांना फोन करून लेंडोरसाहेबांना बोलावलंत, हे मला कळलं. तुम्ही धाडलेला पंपही काल बोटीने पोचला. सोमवारी, २९ तारखेला, टाकी तळापर्यंत उपसून भेग शोधायची आहे. पंच म्हणतात, दोनच फूट पाणी तर उरलंय, गेलं तर गेलं, सरकारकडून जहाजाने मागवू. दादा, टाकीला भेग नाही. ती भेग म्हणजे मी. आणि त्या पंपाने जे ओतलं जाईल ते दोन फूट नसून सहा असेल. खरं सांगितलं तर नळ उघडेल, ढोल वाजतील, आणि मेच्या मध्यावर टाकीत काही राहणार नाही. वायर गुपचूप खाली सोडली तर दोनाचे सहा होतील आणि फादर चमत्कार जाहीर करतील. मग तर आजूबाजूची गावंही बादल्या घेऊन येतील.

ता. क. दुसरं. म्हणून हे पत्र. तुम्ही पंचांना एवढंच सांगायचं: ब्रुकलिनमधून बघता गळती थांबलेली दिसते, टाकी उघडायची ती पावसानंतर उघडू. (गाठ मी आता हलवणार नाही, त्यामुळे थांबलेली दिसेलच. म्हणजे अर्धं वाक्य खरं आहे.) तुम्ही चर्चचे डीकन आहात, जन्मात कधी खोटं बोलला नाहीत, म्हणून तर तुमचं एक खोटं पुरेल. माझी सगळी वापरून झाली. पहिल्यांदा जड जाईल, पण तुम्ही काकांचे चिरंजीव आहात. तोंड उघडलंत की जमेल.

ता. क. तिसरं. हे पत्र आमच्या शेजारची आयोनी ब्रुकलिनला घेऊन येते आहे. ती परवाच्या विमानाने निघेल. पाकिटात तुमच्या नातवंडांसाठी प्रार्थना आहेत असं तिला सांगितलं आहे. वाचून जाळावं. उत्तर पत्राने नको, वेळ नाही. अल्थियाच्या दुकानात फोन करा. ती फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवते, त्यामुळे माझ्याशी नको, पंचांशीच बोला. आज सकाळी त्यांनी पंप चालतो का म्हणून नुसती दोरी ओढून पाहिली. मी मनात म्हटलं, इतका प्रवास करून आलाय, बिघडला असेल. पहिल्याच ओढीला सुरू झाला, दादा. लवकर कळवा.