दिवंगत हिएरोनिम आणि विटोल्ड

६ मार्च, राखेचा बुधवार

कपाळावरची राख अजून तशीच आहे. पुसायची कोणासाठी, आणि ठेवायची तरी कोणासाठी? नव्या फादर तिमोतेउशचा हात फार सैल. चिमूटभर म्हणता म्हणता नाकापर्यंत सांडली. माझा नवरा हिएरोनिम असता तर म्हणाला असता, ‘चूल साफ करून आलीस का गं?’

आज एकच जेवण. उकडलेले बटाटे आणि खारवलेला मासा. एकट्या माणसाचा उपास म्हणजे थट्टाच आहे. जेवायला दुसरं कोणी नसलं की रोजच अर्धपोटी उठतो आपण. आता सोडायचं ते काय? मी साखर सोडली. कोणाला सांगायचं नाही, असं शास्त्र आहे. सांगायला आहे तरी कोण!

दुपारी गल्लीतल्या लेओकाद्याने दार वाजवलं. तिची हाक ओळखू येते, अख्ख्या गल्लीला येते. उठले नाही. अंगात त्राणच नव्हतं. गेली थोड्या वेळाने.

८ मार्च, शुक्रवार

क्रुसाची वाट. चौदा ठिकाणी गुडघे टेकायचे. बाराव्या ठिकाणी माझे गुडघे टेकले ते उठेनात. बाकाला धरून राहिले. कोणी पाहिलं नाही बहुतेक.

नंतर देवळाच्या कचेरीत गेले. सतरा तारखेला हिएरोनिमला जाऊन तीन वर्षं होतात, त्याच्या नावाची मिस्सा, देवळातली प्रार्थना, सांगायची होती. खिडकीवर चिठ्ठ्या ठेवलेल्या असतात, आपणच लिहून पेटीत टाकायची. लिहिलं — ‘दिवंगत हिएरोनिम’. मग पेन हातातच राहिलं. मागे जपमाळ मंडळातली साबिना उभी, घसा खाकरत होती. मी पुढे लिहिलं — ‘आणि मुलगा विटोल्ड. ओतिलियाकडून.’ टाकली पेटीत.

जिवंतांची मिस्सा वेगळी सांगतात, हे मला काय ठाऊक नाही? पण विटेकसाठी, विटोल्डला घरात विटेकच म्हणतो, वेगळी चिठ्ठी लिहायला तोंड नव्हतं. बापाच्या आडोशाने त्याचंही नाव देवाच्या कानावर जावं, एवढंच मनात होतं.

लिहूनच टाकते. बाप गेला तेव्हा विटेक नॉर्वेत मासळीच्या कारखान्यात होता. पुरायला आला नाही. वादळ होतं, विमानं बंद होती, असं तो म्हणाला. मी फोनवर म्हणाले, ‘माझ्या लेखी तूही मेलास.’ तो म्हणाला, ‘बरं.’ तीन वर्षं झाली. त्याने फोन केला नाही. मीही केला नाही. मी आई, मी का करू, असं वाटायचं. आता वाटतं, मी आई, मी का नाही केला?

१७ मार्च, रविवार

कोट न काढताच लिहायला बसले, अक्षर वाईट येणार.

मिस्सा सुरू होताना फादरने माझी चिठ्ठी वाचली. चष्मा वर केला, आणि म्हणाले, ‘आजची मिस्सा दिवंगत हिएरोनिम आणि त्यांचा मुलगा दिवंगत विटोल्ड यांच्या आत्म्याच्या शांतीसाठी.’

अख्खं देऊळ माझ्याकडे वळलं. माझं तोंड उघडलं होतं, देवाशपथ उघडलं होतं. तेवढ्यात ऑर्गन सुरू झाला. ऑर्गनवर ओरडून सांगू का, की माझा मुलगा जिवंत आहे?

बाहेर पायऱ्यांवर बायकांनी घेरलं. लेओकाद्याने गळ्यात मिठी मारली. तिच्या कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास. ‘अगं ओतिलिया, एकटीने गिळलंस सगळं? मला सांगायचं नाहीस?’

मी म्हणाले, ‘कसं सांगणार गं.’

हे खोटं नाही. कसं सांगणार, हे खरंच कळत नव्हतं. पण मी रडत होते, आणि ती मला थोपटत होती, आणि तीन वर्षांत माझ्या पाठीवर कोणाचा हात पडला नव्हता. हिएरोनिमच्या दफनानंतर पहिल्यांदा. मी गप्प राहिले.

१८ मार्च

सकाळी दार वाजलं. उघडलं — मुलाचं दुःख झालेल्या बाईने दार उघडायलाच हवं. लेओकाद्या, आंबवलेल्या पिठाच्या सुपाचं पातेलं घेऊन. दोन तास बसली. मुलगा कसा गेला, कधी गेला, एक शब्द विचारला नाही. म्हणाली, ‘तुझ्या चंबूवर रंगवलेला कोंबडा अजून तसाच आहे की!’ आणि खूप वेळ कोंबड्यावरच बोललो.

सूप चांगलं होतं. दोन ताटल्या खाल्ल्या. लाज वाटली आणि तिसरीही घेतली.

२१ मार्च

साबिना, खसखशीचा केक घेऊन. साखर सोडली आहे हे कसं सांगू? खाल्ला.

२४ मार्च, रविवार

दुपारी शोकगीतं. एरवी मी मागच्या खांबाशी बसते, वाऱ्याच्या झोतात. आज लेओकाद्याने दंडाला धरून दुसऱ्या बाकावर नेलं. ‘तिथे मागे काय भूत होऊन बसतेस? इथे ये. आमच्यात एक खालचा सूर कमी आहे.’ पुत्राच्या मरणावर आईचा आक्रोश आहे त्या गीतात. दरवर्षी म्हणतो. आज माझ्या तोंडून तो निघाला आणि आजूबाजूच्या बायका गायच्या थांबल्या. मी एकटी गात होते. मी कोणाला फसवत होते? त्या क्षणी खरंच कोणालाच नाही. माझा मुलगा गेलेलाच आहे — मीच घालवला.

२६ मार्च

आमच्या जपमाळ मंडळाने माझ्या घरी जप ठेवला. दर मंगळवारी, पास्कापर्यंत, म्हणजे ईस्टरपर्यंत. नऊ जणी! खुर्च्या पुरेनात. दोघी कोळशाच्या पेटीवर बसल्या, साबिना उलट्या बादलीवर. ‘माझ्यासारखीला बादलीच सिंहासन,’ म्हणाली.

मेजावर विटेकचा पहिल्या ख्रिस्तप्रसादाचा फोटो ठेवला होता. पांढरा शर्ट, पुढचा दात पडलेला. त्या यायच्या आधी मीच पेटीतून काळी फीत काढली आणि फोटोच्या कोपऱ्याला बांधली. कोणी सांगितलं नव्हतं. साबिना फितीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

त्या गेल्यावर घर इतकं मोकळं झालं की मी बादली परत उलटी करून ठेवली, कोणी बसल्यासारखी.

३१ मार्च, रविवार

उपासकाळातला आनंदाचा रविवार. फादर गुलाबी झग्यात आले. दारात साबिना म्हणाली, ‘फादर, बिटाच्या सुपात पडलात की काय?’ बिचारे कानापर्यंत लाल झाले, झग्याच्या वर. मी हसले. मोठ्याने हसले. माझं हसणं मलाच ओळखू आलं नाही. मग आठवलं, मी मुलगा मेलेली बाई आहे. तोंडावर हात घेतला. लेओकाद्याने तो हात खाली ओढला. ‘हस गं,’ म्हणाली, ‘हसल्याने कोणी जास्त मरत नाही.’

घरी येऊन भिंतीला टेकून रडले. हे सगळं त्याच्या जिवावर चाललंय. सूप, केक, दुसरा बाक. आई म्हणवणारी मी, पोराला मारून त्याच्या तेराव्याचं जेवण रोज जेवतेय.

७ एप्रिल, रविवार

सगळे क्रूस जांभळ्या कापडाने झाकले. दरवर्षी झाकतात. या वर्षी बरं वाटलं. कोणी बघत नव्हतं.

१० एप्रिल

फीत काढली. पुन्हा बांधली. उद्या कोणी आलं तर!

१५ एप्रिल, पवित्र आठवड्यातला सोमवार

पापनिवेदन. सव्वा तास रांगेत उभी राहिले. तीनदा माझी पाळी मागच्या बाईला दिली. शेवटी मागे कोणी उरलंच नाही.

जाळीपलीकडे फादर तिमोतेउश. मी सांगितलं. पलीकडे काहीच आवाज येईना. मला वाटलं, झोपले. मग हळूच म्हणाले, ‘म्हणजे “दिवंगत” फक्त पहिल्याला होतं?’

‘हो फादर.’

‘अरे देवा.’ पाद्र्याच्या तोंडी तो शब्द फार घाबरलेला वाटला. ‘मग चूक माझी आहे, ओतिलियाबाई. दुसरा “दिवंगत” मीच घातला. मी वेदीवरून सांगू? तुम्ही परवानगी दिलीत तरच सांगता येईल.’

मी नाही म्हणाले. ‘चूक तुमची एका मिनिटाची. पुढचे तीस दिवस माझे आहेत.’

प्रायश्चित्त दिलं: पास्काच्या आधी बायकांना खरं सांगायचं. पण त्याच्याही आधी मुलाला फोन करायचा. मी म्हणाले, ‘फादर, पन्नास जपमाळा द्या त्यापेक्षा.’ म्हणाले, ‘त्या तुम्ही आवडीने म्हणाल. म्हणून नाही देत.’

कालचं पोर, पण खमकं आहे.

१६ एप्रिल

मंगळवारचा जप, शेवटचा. नाही सांगितलं. अकरा जणी होत्या.

१९ एप्रिल, पवित्र शुक्रवार

कालपासून घंटा बंद. घंटेऐवजी लाकडी खटखटे वाजवतात. कोरडा आवाज, दातावर दात आपटल्यासारखा.

सकाळी फोन केला. नंबर जुन्या वहीत होता, हिएरोनिमच्या अक्षरात. बोटं चुकत होती, तीनदा लावला. तिकडून एका बाईचा आवाज, तिकडच्या भाषेत, तेच तेच, तेच तेच. भाषा येत नसली तरी मशीनचा आवाज कळतो. तो नंबर आता नाही.

मी खुर्चीवर बसले ते बसलेच. तीस दिवस मी लोकांना सांगत होते की तो नाही. आणि आहे की नाही हे मला ठाऊकच नाही! तीन वर्षांत आजारी पडला असेल, समुद्रात पडला असेल. कळवायचं कोणाला, तर मला, आणि मी त्याला आधीच मेलेला ठरवून टाकलं होतं. तो खरंच गेला असेल तर ते पहिलं कळलं फादरच्या चष्म्याला, दुसरं सगळ्या गावाला, शेवटी मला.

दुपारी क्रुसाचं चुंबन घेताना ओठ लाकडाला टेकले. काही मागता आलं नाही. फक्त, असू दे. कुठेही असू दे. माझ्याशी बोलू नये, पण असू दे.

२० एप्रिल, पवित्र शनिवार

टोपल्यांना आशीर्वाद. अंडी, मीठ, पाव, सॉसेज, लोण्याचं कोकरू. माझं कोकरू दरवर्षी कुत्र्यासारखं होतं, हिएरोनिम त्याला ‘शेरू’ म्हणायचा. देवळासमोर लांब मेजावर सगळ्यांच्या टोपल्या रांगेने. फादर पाणी शिंपडत पुढे गेले. माझ्यापाशी क्षणभर थांबले.

बायका आपापली टोपली उचलायला लागल्या तशी मी म्हणाले, ‘थांबा.’ आवाज फार मोठा आला. ‘माझा विटेक मेला नाहीये. चिठ्ठी चुकीची वाचली गेली. मी गप्प बसले. तुम्ही येत होतात म्हणून गप्प बसले. आणि आता तो आहे की नाही, मला खरंच माहीत नाही. फोन लागत नाही.’

मग साबिना म्हणाली, ‘चला, एकदाची बोलली.’

लेओकाद्याने आपली टोपली परत मेजावर ठेवली. ‘आहे तो. ठणठणीत आहे. माझा जावई त्याच कारखान्यात आहे, विसरलीस? त्या रविवारी घरी गेले आणि त्याला फोन लावला, म्हटलं विटेकला कुठे पुरला ते विचार, मेणबत्ती तरी लावा. तो म्हणाला, सासूबाई, विटेक माझ्यासमोर बसून सूप खातोय.’

‘म्हणजे तुम्हाला—’

‘सोमवारी सकाळी सगळ्यांना माहीत होतं.’

‘मग जप कोणासाठी केलात चार आठवडे?’

‘तुझ्यासाठी,’ लेओकाद्या म्हणाली. ‘विटेकचं नाव घेऊन एकदा तरी “चिरशांती” म्हटलं का आम्ही? तीन वर्षं तुझं दार वाजवतेय मी. पडद्यामागून बघायचीस. मुलगा मेला तर उघडलंस. मग म्हटलं, असू दे मेलेला थोडे दिवस.’

मला राग यायला हवा होता. आला नाही. तिने आपल्या टोपलीतल्या रुमालाखालून कागद काढला. नवा नंबर. कागद मऊ झाला होता, घडीवर फाटायला आलेला. रोज बरोबर घेऊन फिरत असणार.

२१ एप्रिल, पास्काचा रविवार

फोन केला. दुसऱ्या घंटेला उचलला.

‘मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, आई,’ विटेक म्हणाला. ‘तू “नाही, तो मेला नाही” कधी म्हणतेस त्याची वाट बघत होतो.’

‘म्हणाले,’ मी म्हणाले. ‘काल. सगळ्यांसमोर.’

मग दोघंही गप्प. पण फोन कोणीच ठेवला नाही.