बाबांचा शर्ट, आत्याचं गंगावन

२ फेब्रुवारी

मी नक्की मुलगी आहे का? नाही सांगता येत! बी.ए. झाले, घरातली पहिली पदवीधर — आणि इतक्या साध्या प्रश्नापुढे कोरी.

आईने आज लोखंडी कपाट उपसलं. शनिवारी भांडीवाली येते. जुने कपडे घेते, स्टीलचं भांडं देते. आईला मोठं गंज, म्हणजे पातेलं, हवंय, झाकणासकट. रविवारी शहपुऱ्याहून मुलाकडचे मला पाहायला येणार, त्यांच्या पोह्यांसाठी. पलंगावर दोन ढीग — बायकांचा आणि माणसांचा. "मी कोणत्या ढिगात?" विचारलं.

"काहून डोकं खाऊन राहिली?"

मी प्रयोग करणार. टाकलेली एकेक वस्तू अंगावर चढवायची, जे वाटेल ते इथे खरं लिहायचं.

३ फेब्रुवारी

आईची जुनी जरीची साडी. वाटलं: मी खिडकी आहे, वर भारी पडदा लावलेली.

४ फेब्रुवारी

बाबांचा फॅक्टरीतला खाकी शर्ट! वेणी आत खोचली, माकडटोपी घातली, आमच्या गढा भागातल्या बाजारात गेले. मागून चहावाले काका — "मुरलीधरजी! घुटना कैसा है?" मी नुसता हात हलवला आणि जरा लंगडत पुढे गेले.

फार छान वाटलं! पण मला बाबा व्हायचंय असंही नाही. गुडघा तर मुळीच नको. मग छान काय? बहुतेक हे, की कोणी वेणी पाहिली नाही.

वेणी कमरेखाली जाते. आईने मुलाच्या आईला फोनवर सांगून ठेवलंय, "केस पाहाल तर पाहतच राहाल."

"पदवीचं सांगितलं?"

"सांगू न. चहा झाल्यावर."

५ फेब्रुवारी

बायकांच्या ढिगात कुंदा आत्याचं गंगावन सापडलं — खोट्या केसांची वेणी, डब्यात मेलेल्या खारीसारखी. माझी खरी आहे, म्हणून हे बाबांवर करून पाहिलं. टक्कल असल्याने सेफ्टीपिनने माकडटोपीला लावलं. तेवढ्यात दूधवाला आला! बाबांनी तसंच पातेलं पुढे केलं. अर्धं दूध पायरीवर.

"काय वाटून राहिलं, बाबा?"

"मान ओढून राहिलं. काढ न!"

"आणि?"

"आणि काय? दुसऱ्याचं काहीतरी आपल्याला टांगल्यासारखं."

हसू आलं नाही. मला रोज तसंच वाटतं.

६ फेब्रुवारी

आईने वेणीला तेल लावलं. फार प्रेमाने.

७ फेब्रुवारी

भांडीवालीने गंगावन परत केलं — "आंटी, ये नकली है. असली बाल लाओ, बड़ा बर्तन दूँगी." आई आणखी साड्या आणायला आत गेली. मी कात्री आणली.

आई बाहेर आली तेव्हा वेणी तराजूत, गंज माझ्या हातात, अंगात बाबांचा शर्ट. आई मटकन पायरीवर बसली. मग भांडीवालीवर कडाडली — "इतनी लंबी चोटी, और ढक्कन नहीं? ढक्कन निकालो!"

झाकण घट्ट बसलं. मग मी आईला सांगितलं — शहपुऱ्याला मी सकाळीच फोन केलाय, येऊ नका म्हणून.