नवतपातली चाळीस रोपं

२४ मे
उद्यापासून नवतपा! वर्षातले सगळ्यांत तापलेले नऊ दिवस. प्रयोगशाळेच्या गच्चीवर संत्र्याची चाळीस रोपं मांडली. वीस साधी, लाल चिठ्ठीची. वीस मी बदललेली, हिरवी चिठ्ठी. बाहेरचं काही घातलेलं नाही. उन्हात पानं गाळायला लावणारं त्यांचंच एक जनुक कापून बंद केलंय. चार वर्षं गेली त्यात.

रुखमाबाई इथे पंधरा वर्षं रोपं सांभाळतात. त्यांना म्हटलं, हिरव्यांना ऊन सोसायची ताकद दिली आहे.
"आन् लालवाल्यायले?"
"काही नाही. तुलनेसाठी आहेत ती."
"अवं माय!"

२६ मे
पारा सेहेचाळीसवर. बारा ते चार गच्चीवर कुणी जायचं नाही— आमचे प्रमुख आनंदराव सर यांचा हुकूम. पाचला जाऊन गळलेली पानं मोजते.

२७ मे
ऊन वाढवलं माणसांनी आणि सोसायला शिकवायचं रोपांना! कधी कधी मलाच पटत नाही. पण दुसरं काय करू? मागच्या उन्हाळ्यात नरखेडला माझ्या भावाच्या, दुर्गेशच्या संत्र्याच्या बागेतली साठ झाडं उभी वाळली. तेव्हा तो दोन दिवस जेवला नव्हता.

२९ मे
लाल रोपंही टवटवीत! कशी? दुर्गेशचा फोन. "ताई, तुयी रोपं टिकून राहिली ना?"
"हो," म्हटलं. अर्धंच खरं सांगितलं.

२ जून
संपलं. लाल एकोणीस जिवंत, हिरवी एकोणीस. फरक शून्य! सर हळूच म्हणाले, "प्रमोदिनी, प्रकल्प बंद करू. परवा रोपं जाळून टाका." जनुक बदललेल्या रोपांच्या प्रयोगाचा नियमच आहे तसा. मान डोलावली आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. चाळिशीची बाई मी! ऊन तर नऊ दिवस इमानदारीनं पडलं. चूक माझ्याच कामात असणार. दुर्गेशला अजून कळवलेलं नाही.

४ जून
रोपं भट्टीकडे न्यायला हातगाडी आली, तर रुखमाबाई आडव्या उभ्या.
"जाळता काहून, मॅडम? मी रोज बाराले लालवाल्यायवर ओलं पोतं टाकत होती, तुमी याच्या आंधी काढत होती. हिरव्यायले तुमी ताकद देली, थे सोसतीन. लालवाल्यायचं कोन हाय?"

म्हणजे हिरवी उघड्यावर टिकली. एकटी!

हातगाडी परत पाठवली. सर म्हणाले, पुन्हा मांडा. आभाळ भरून आलंय, सगळे पावसाची वाट बघताहेत— आणि मला अजून नऊ दिवस ऊन हवंय.